विश्लेषण : मोटार भारतात, भुकटी चीनमध्ये… इलेक्ट्रिक वाहनांतील ‘एलएफपी’ बॅटरीचा पेच काय?

टाटांची नेक्सॉन ईव्ही, महिंद्राची बीई ६, एमजीची विंडसर आणि मारुती सुझुकीची ई-विटारा. कंपन्या चार, किमती वेगळ्या, गिऱ्हाईकही वेगळे. पण चौघींच्या तळाशी बसवलेल्या पेटीतले रसायन एकच आहे, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच ‘एलएफपी’. स्वस्त, टिकाऊ आणि सहसा न पेटणाऱ्या या बॅटरीमुळे इलेक्ट्रिक मोटार भारतातील मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. तिच्यात ना कोबाल्ट, ना निकेल. लोखंड आणि फॉस्फेट तर जगात मुबलक. तरीही या बॅटरीसाठी जवळपास सगळे जग आज एकाच देशाच्या दारात उभे आहे. ही बॅटरी ज्या भुकटीपासून बनते ती तयार करण्याचे तंत्रज्ञान चीनने जुलै २०२५ मध्ये निर्यात-निर्बंधांच्या यादीत टाकले. भारतात सेलचे कारखाने उभे राहत असतानाच हे घडले. त्याची झळ किती बसेल आणि ती ग्राहकापर्यंत पोहोचेल का?

‘एलएफपी’ म्हणजे नेमके काय?

मोबाइलपासून मोटारीपर्यंत सगळ्या लिथियम-आयन बॅटऱ्या एकाच तत्त्वावर चालतात. चार्ज करताना लिथियमचे आयन कॅथोडमधून निघून ॲनोडमध्ये जाऊन बसतात, गाडी चालताना ते परत येतात आणि त्या प्रवासात वीज मिळते. ॲनोड बहुतेक ठिकाणी ग्राफाइटचाच असतो. फरक पडतो तो कॅथोडमध्ये आणि बॅटरीचे नावही त्यावरूनच पडते. कॅथोडमध्ये निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असेल तर ती ‘एनएमसी’. लोह आणि फॉस्फेट असेल तर ‘एलएफपी’.

कमी वजनात जास्त वीज साठवण्यात एनएमसी सरस आहे. एक किलो वजनाच्या एनएमसी सेलमध्ये साधारण २२० ते २८० वॉट-तास वीज मावते, एलएफपीमध्ये १६० ते २०० वॉट-तास. त्यामुळे अनेक वर्षे मोटार कंपन्या एलएफपीकडे ‘बसगाड्यांची बॅटरी’ म्हणूनच पाहत होत्या. पण एनएमसीला लागणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के एकट्या काँगोतून येते. तिथल्या खाणींमधील बालमजुरीवर जगभर टीका झाली, भावही सतत वरखाली होत राहिले. निकेलचीही फारशी वेगळी कथा नाही. एलएफपीला या दोन्ही धातूंची गरज नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने प्रति किलोवॉट-तास एलएफपी बॅटरी एनएमसीपेक्षा जवळपास ३० टक्के स्वस्त पडते. इलेक्ट्रिक मोटारीच्या किमतीत सर्वात मोठा वाटा बॅटरीचा असतो, हे लक्षात घेतले की ३० टक्क्यांचे महत्त्व कळते.

जागेची अडचण चिनी कंपन्यांनी रसायन न बदलता मांडणी बदलून सोडवली. पूर्वी सेल छोट्या डब्यांत भरून ते डबे मोठ्या पेटीत बसवले जात. मार्च २०२० मध्ये ‘बीवायडी’ने ब्लेड बॅटरी आणली. तिचा एकेक सेल सुमारे ९६ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम दीड सेंटीमीटर जाड. हे पाते थेट पेटीत आडवे लावायचे, मधले डबेच काढून टाकायचे. ‘सीएटीएल’नेही आपल्या पद्धतीने हेच केले. ऑक्टोबर २०२१ मध्ये टेस्लाने आपल्या सर्व ‘स्टँडर्ड रेंज’ मोटारी जगभर एलएफपीवर नेण्याचे जाहीर केले, तेव्हा उरलेला संकोचही गेला. २०२४ मध्ये जगातील इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरी बाजारपेठेत जवळपास निम्मा वाटा एलएफपीचा होता. चीनमध्ये तो सुमारे तीन-चतुर्थांश आहे.

एका मोटारीत ही भुकटी असते तरी किती? ४५ किलोवॉट-तासांची बॅटरी धरली तर साधारण ९० किलो. त्यात लोखंड सुमारे ३२ किलो, फॉस्फरस १८ किलो आणि ज्याच्या नावाने एवढा गाजावाजा होतो ते लिथियम फक्त चार किलो. बाकीचा ऑक्सिजन.

‘आग लागत नाही’ हे कितपत खरे?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात एका इलेक्ट्रिक स्कूटरने भर रस्त्यात पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या उन्हाळ्यात अशा घटना लागोपाठ घडल्या आणि केंद्राने दुचाकी व मोटारींच्या बॅटऱ्यांसाठीचे सुरक्षा निकष कडक केले. तेव्हापासून विक्रेत्यांच्या तोंडी ‘आमची एलएफपी आहे, पेटत नाही’ हे वाक्य आले.

यात तथ्य आहे, पण ‘नाही’ हा शब्द जरा जास्त होतो. एनएमसी कॅथोड खूप तापला की त्यातून ऑक्सिजन बाहेर पडतो, म्हणजे आग स्वतःच स्वतःला हवा पुरवते. एलएफपीमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो की तो सहजी सुटत नाही. सेल अनियंत्रित तापण्याची सुरुवात एनएमसीमध्ये सुमारे २१० अंश सेल्सियसला होते, एलएफपीमध्ये सुमारे २७० अंशांना. झाली तरी तिचा जोर कमी असतो. पण दोन्ही प्रकारांतील इलेक्ट्रोलाइट हे ज्वलनशील द्रावण असते. सेल फुटला, शॉर्ट सर्किट झाले किंवा जोडण्यांमध्ये दोष राहिला, तर त्यातून निघणारे वायू पेटू शकतात. जून २०२२ मध्ये वसईत एका नेक्सॉन ईव्हीला आग लागली, ती मोटार एलएफपी बॅटरीचीच होती. केंद्र सरकारने त्या घटनेची चौकशी करण्याचे आदेश दिले होते. ‘तुलनेने बरीच सुरक्षित’ एवढेच एलएफपीबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येते, आणि विदर्भ-मराठवाड्यातील ४५ अंशांच्या उन्हाळ्यात तेवढेही कमी नाही. अर्थात तापमानाचा त्रास एलएफपीलाही होतो. सततच्या उष्णतेत तिचे आयुष्य घटतेच, म्हणून बॅटरीला द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा आहे की नाही हा प्रश्न मोटार घेताना विचारण्यासारखा आहे.

‘आठवड्यातून एकदा १०० टक्के चार्ज करा’ असे का सांगतात?

मोबाइलची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवावी, हे आता बहुतेकांना माहीत आहे. एलएफपी मोटारीच्या पुस्तिकेत मात्र अधूनमधून पूर्ण चार्ज करण्याची सूचना असते आणि नवा मालक गोंधळतो. कारण घरातल्या गॅस सिलिंडरसारखे आहे. सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, शेगडीची ज्योत तशीच जळते. मग एकदम विझते. एलएफपी सेलचा व्होल्टेजही चार्जच्या बऱ्याच मोठ्या टप्प्यात ३.२ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहतो. त्यामुळे आत नेमकी किती वीज उरली हे मोटारीतल्या संगणकाला व्होल्टेजवरून नीट ओळखता येत नाही. तो हिशेब ठेवत जातो, पण दिवसागणिक त्यात थोडी थोडी चूक साठते. पूर्ण चार्ज झाल्यावर व्होल्टेज चढतो आणि हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हे टाळत राहिले तर पडद्यावर २० टक्के दिसत असताना अचानक पाच टक्के दिसू लागण्याचा धोका असतो.

वारंवार चार्ज होणे एलएफपी चांगले सोसते. तीन हजार किंवा त्याहून अधिक चार्ज-चक्रे हा तिचा सर्वसाधारण आवाका. थंडी मात्र तिला मानवत नाही. शून्याखाली तापमान गेले की चार्जिंग मंदावते, पल्ला घटतो. महाबळेश्वरला त्याची चिंता नको, लेह-मनालीला जाणाऱ्यांनी करावी.

शोध अमेरिकेत लागला, मग कारखाना चीनमध्ये कसा गेला?

या साऱ्या प्रकरणातला सर्वाधिक विचार करायला लावणारा भाग हाच. एलएफपीचा कॅथोड जन्मला टेक्सास विद्यापीठात, प्रा. जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ शोधनिबंधावर गुडइनफ यांच्यासह ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत. पाढी हे निबंधाचे पहिले लेखक. त्याआधी लोह आणि सल्फेटसारख्या संयुगांवरचे पायाभूत काम गुडइनफ यांच्यासोबत अरुमुगम मंथिराम यांनी केले होते. मूळचे तमिळनाडूचे असलेले मंथिराम आयआयटी मद्रासमध्ये शिकले आणि २०१९ मध्ये गुडइनफ यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा त्यांच्या वतीने नोबेल व्याख्यान मंथिराम यांनीच दिले.

शोध लागला, पण पदार्थ वीज धड वाहून नेईना. त्यावर उपाय कॅनडातून आला. मिशेल आर्मांद आणि हायड्रो-क्युबेक या वीज कंपनीच्या संशोधकांनी प्रत्येक कणावर कार्बनचा अतिशय पातळ थर चढवण्याची युक्ती काढली आणि एलएफपी कामाची झाली. पाठोपाठ पेटंटचे खटले सुरू झाले. विद्यापीठ, हायड्रो-क्युबेक, जपानची एनटीटी, अमेरिकी कंपन्या असे सगळेच अनेक वर्षे त्यात गुंतले.

बॉस्टनजवळच्या एमआयटीतून २००१ मध्ये निघालेल्या ‘ए१२३ सिस्टिम्स’ या कंपनीवर अमेरिकेची सर्वाधिक भिस्त होती. ओबामा प्रशासनाने २००९ मध्ये तिला २४.९ कोटी डॉलरचे अनुदान देऊ केले. तिने मिशिगनमध्ये कारखाने उभारले. पण तेव्हा इलेक्ट्रिक मोटारींना गिऱ्हाईकच नव्हते. त्यात सदोष सेल परत बोलावण्याचा मोठा खर्च अंगावर आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला तिचा बहुतांश व्यवसाय चीनच्या ‘वानशियांग’ समूहाने विकत घेतला. अमेरिकी करदात्यांच्या पैशांवर उभे राहिलेले तंत्रज्ञान लिलावात गेले.

तिकडे चीनमध्ये चित्र वेगळे होते. पेटंटधारकांशी झालेल्या तडजोडीत चिनी उत्पादकांना देशांतर्गत विक्रीवर परवाना शुल्क द्यावे लागत नव्हते. निर्यात केली तर मात्र द्यावे लागणार होते. ही अट चीनच्या पथ्यावरच पडली. देशाची बाजारपेठच एवढी मोठी की बाहेर जाण्याची गरज नव्हती, आणि बाहेरच्यांना शुल्काच्या ओझ्यामुळे चीनशी स्पर्धा जमत नव्हती. शहरबस, टॅक्सी यांच्यावर सरकारी अनुदानाचा ओघ होताच. चीनचे पाऊलही एकदा चुकता चुकता राहिले. २०१७ नंतर अनुदान ऊर्जा-घनतेशी जोडले गेले आणि चिनी मोटार कंपन्या एनएमसीकडे वळल्या, एलएफपी मागे पडली. अनुदाने आटू लागल्यावर स्वस्ताईचे महत्त्व पुन्हा पटले. २०२१ च्या मध्यापासून चीनमध्ये एलएफपीने एनएमसीला मागे टाकले. २०२२ मध्ये मुख्य पेटंटची मुदत संपली आणि निर्यातीचा दरवाजाही उघडला. तोवर स्पर्धेत दुसरे कोणी उरले नव्हते.

चीनने नेमके काय रोखले?

इथे दोन वेगवेगळे निर्णय आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची बऱ्याचदा सरमिसळ होते.

पहिला १५ जुलै २०२५ चा. चीनच्या वाणिज्य आणि विज्ञान-तंत्रज्ञान मंत्रालयांनी निर्यातीस बंदी किंवा मर्यादा असलेल्या तंत्रज्ञानांच्या यादीत एलएफपी आणि तिची मँगनीजयुक्त आवृत्ती असलेल्या ‘एलएमएफपी’ कॅथोडची भुकटी तयार करण्याचे तंत्रज्ञान समाविष्ट केले. लिथियम शुद्ध करण्याच्या काही प्रक्रियाही त्यात आल्या. ही सरसकट बंदी नाही. पण चिनी कंपनीला परदेशात असा कारखाना काढायचा, परवाना द्यायचा किंवा तंत्रज्ञ पाठवून प्रक्रिया शिकवायची असेल, तर सरकारची परवानगी लागेल.

दुसरा निर्णय ९ ऑक्टोबर २०२५ चा, तो मालावरचा. प्रति घनसेंटीमीटर २.५ ग्रॅम किंवा अधिक घनतेने दाबता येणारी आणि प्रति ग्रॅम १५६ मिलिअँपिअर-तास किंवा अधिक क्षमतेची एलएफपी भुकटी परवान्याशिवाय निर्यात करता येणार नाही, असे चीनने जाहीर केले. आकडे किचकट वाटतात, पण अर्थ सरळ आहे. साधी भुकटी खुशाल न्या, उत्तम हवी तर आम्हाला विचारा. ३० ऑक्टोबरला दक्षिण कोरियातील बुसान येथे डोनाल्ड ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली आणि ८ नोव्हेंबरपासून लागू होणारा हा निर्णय एक दिवस आधी १० नोव्हेंबर २०२६ पर्यंत स्थगित झाला. जुलैमधील तंत्रज्ञानावरचे निर्बंध मात्र या स्थगितीत नाहीत. म्हणजे भुकटी मिळते आहे, ती बनवायला शिकवणारा मिळणे कठीण झाले आहे.

लोखंड आणि फॉस्फेटची भुकटी बनवणे इतके अवघड का?

कृती कागदावर सोपी आहे. लोह फॉस्फेट, लिथियम कार्बोनेट आणि कार्बनसाठी ग्लुकोजसारखी साखर हे सारे एकत्र अत्यंत बारीक दळायचे, वाळवायचे आणि ६०० ते ७५० अंशांच्या भट्टीत भाजायचे. पण भट्टीत ऑक्सिजनचा शिरकाव होता कामा नये, म्हणून नायट्रोजन भरलेला ठेवावा लागतो. हवा शिरली की लोह नको त्या रूपात जाते आणि माल वाया. साखर जळून कणांवर कार्बनचा थर बसतो, तो जाड झाला तर क्षमता घटते, पातळ राहिला तर वीज वाहत नाही. कण मोठे झाले तर लिथियमला आत-बाहेर करायला वेळ लागतो, फार लहान झाले तर भुकटी दाबून बसत नाही. हे प्रयोगशाळेत शंभर ग्रॅमसाठी साधणे आणि वर्षाला लाखभर टनांसाठी, प्रत्येक खेपेत तंतोतंत तेच साधणे, यात फार अंतर आहे. पेटंट संपले म्हणून ते अंतर मिटत नाही. भट्टीचा वेग कितीवर ठेवायचा, कोणत्या टप्प्यावर ओलावा मोजायचा, हे पेटंटमध्ये लिहिलेले नसते. चिनी कंपन्यांनी ते वीस वर्षे माल वाया घालवत शिकून घेतले.

फोर्डसारख्या कंपनीनेही मिशिगनमधील मार्शल येथे एलएफपी कारखाना काढताना सीएटीएलकडूनच तंत्रज्ञानाचा परवाना घेतला. त्यावरून अमेरिकेत राजकीय गदारोळ झाला, पण पर्याय नव्हता.

भारत नेमका कोणत्या पायरीवर आहे?

‘देशी बॅटरी’ हा शब्द जाहिरातींत सैलपणे वापरला जातो. प्रत्यक्षात पायऱ्या तीन आहेत. सगळ्यात वरची पॅकची, म्हणजे सेल आणून ते जोडायचे, थंड ठेवण्याची आणि नियंत्रणाची यंत्रणा बसवायची. ही भारताला उत्तम जमते आणि त्यातला मोठा भाग पुणे-चाकण पट्ट्यात होतो. टाटा ऑटोकॉम्पने चीनच्या ‘गोशन’शी भागीदारी करून नेक्सॉन ईव्हीसाठी हे काम पुण्यात सुरू केले. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई चाकणला तयार होतात, त्यातील सेल बीवायडीचे. महिंद्राची आधीची एक्सयूव्ही ४०० दक्षिण कोरियाच्या एलजीच्या एनएमसी सेलवर चालत होती. एलएफपीकडे वळताना कंपनीला चीनकडेही वळावे लागले. मारुतीची ई-विटारा गुजरातमधील हंसलपूरला बनते आणि जगभर निर्यात होते, तिचेही सेल बीवायडीचेच.

दुसरी पायरी सेल बनवण्याची. तिच्यासाठी केंद्राने मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली, उद्दिष्ट ५० गिगावॉट-तासांचे. साडेचार वर्षांनंतर त्या तुलनेत उभी राहिलेली क्षमता नगण्य आहे. ती ज्या ओला इलेक्ट्रिकने उभारली तिचा सेलही एलएफपी नव्हे, एनएमसी. गंमत म्हणजे या योजनेत नसलेल्या जुन्या शिसे-आम्ल बॅटरी कंपन्या जास्त पुढे सरकल्या. ‘एक्साइड’ने चीनच्या ‘एसव्होल्ट’कडून तंत्रज्ञान घेऊन बेंगळूरुजवळ प्रकल्प हाती घेतला आणि एप्रिल २०२४ मध्ये ह्युंदाई-किआने तिच्याशी एलएफपी सेलसाठी करार केला. ‘अमर राजा’ने जून २०२४ मध्ये गोशनच्या उपकंपनीकडून परवाना मिळवला, तिचा प्रकल्प तेलंगणातील दिवितीपल्लीचा. टाटांची ‘अग्रतास’ साणंदला २० गिगावॉट-तासांचा कारखाना उभारते आहे. रिलायन्सने मार्च २०२२ मध्ये ६.१ कोटी डॉलरना ‘लिथियम वेर्क्स’ ही एलएफपी कंपनी पेटंटसह विकत घेतली. या लिथियम वेर्क्सने २०१८ मध्ये ए१२३चा चीनमधील कारखाना घेतला होता. म्हणजे मिशिगनमध्ये बुडालेल्या कंपनीचा एक तुकडा फिरत फिरत जामनगरच्या वाटेला लागला आहे.

तिसरी पायरी भुकटीची, आणि चीनने हात घातला आहे तो इथे. सेल बनवण्याचे वरचे बहुतेक करार जुलै २०२५ पूर्वीचे आहेत आणि ते सेलचे आहेत, कॅथोडच्या भुकटीचे नाहीत. त्यामुळे हे सारे कारखाने ठरल्याप्रमाणे सुरू झाले तरी त्यांच्या गोदामात येणारी भुकटी सुरुवातीला चिनीच असेल. आयातीची वस्तू बदलेल, आज सेल येतो, उद्या भुकटी येईल. शिवाय २०२० पासून चिनी गुंतवणुकीला भारतानेच सरकारी मंजुरीची अट घातली आहे आणि चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा हा उद्योगांचा जुना गाऱ्हाण्याचा विषय आहे. दोन्ही बाजूंनी दार अर्धे लावलेले आहे, असे चित्र दिसते.

प्रयत्न अजिबात नाहीत असे नाही. हैदराबादच्या ‘एआरसीआय’ या केंद्र सरकारच्या संशोधन संस्थेने कार्बनचा थर दिलेली एलएफपी भुकटी बनवण्याची स्वतःची पद्धत विकसित केली आणि ‘अल्टमिन’ या कंपनीला हस्तांतरित केली. कोलकात्याच्या ‘हिमाद्री’ने डिसेंबर २०२३ मध्ये ओडिशात टप्प्याटप्प्याने वर्षाला दोन लाख टन भुकटीपर्यंत जाण्याची ४,८०० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. पण मोटार कंपनी नव्या पुरवठादाराची भुकटी सहजासहजी स्वीकारत नाही. नमुना, सेल, पॅक आणि मग गाडी अशा चाचण्यांत बराच काळ जातो आणि आठ-दहा वर्षांची वॉरंटी देणारा उत्पादक त्यात घाई करत नाही. त्यातही देशात वर्षाला विकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रिक मोटारी २०२४-२५ मध्ये एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. तेवढ्यांना लागणारी भुकटी होते नऊ हजार टनांच्या आसपास. चीनशी भावात टक्कर देईल असा कारखाना चालवायला ही मागणी तोकडी आहे. सौर-पवन वीज साठवण्यासाठी मोठ्या बॅटरी प्रकल्पांच्या निविदा निघत आहेत, त्याही एलएफपीवरच चालतात. देशी भुकटीचे गणित जमलेच तर मोटारींपेक्षा त्यांच्या जोरावर जमेल, असे दिसते.

यात डीएपीचा काय संबंध?

फॉस्फरस हा पिकांनाही लागतो. एका मोटारीतील १८ किलो फॉस्फरस म्हणजे डीएपीच्या ५० किलोच्या जवळपास दोन गोण्या. भारतात डीएपीचा वापर वर्षाला सुमारे १०० लाख टन आहे. लाखभर मोटारींचा हिशेब केला तरी तो १० हजार टनांच्या आत राहतो. त्यामुळे ‘मोटारींनी शेतकऱ्याचे खत पळवले’ असे निदान भारतात तरी म्हणता येत नाही. चीनमध्ये मात्र वर्षाला कोट्यवधी मोटारी आणि वीजसाठवण प्रकल्प यांच्या रूपाने फॉस्फेटला नवे, जास्त पैसे मोजणारे गिऱ्हाईक मिळाले आहे. चीनने खतनिर्यात आवळली ती मुख्यतः देशातील भाव काबूत ठेवण्यासाठी. पण परिणाम महाराष्ट्रातील शेतकऱ्याने अनुभवला. २०२४-२५ मध्ये चीनमधून भारतात आलेले डीएपी आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी होते.

प्रमाणापेक्षा शुद्धतेचा प्रश्न मोठा आहे. बॅटरीला लागणारे फॉस्फोरिक आम्ल खताच्या आम्लापेक्षा कितीतरी शुद्ध असावे लागते. भारतात राजस्थानातील झामरकोटडा, मध्य प्रदेशातील झाबुआ येथे रॉक फॉस्फेट आहे, पण गरजेचा मोठा भाग आयातच होतो. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के मोरोक्कोकडे आहेत. गोशनने तिथल्या केनित्रा येथे बॅटरी कारखाना हाती घेतला आहे, त्यामागे हे एक कारण आहे.

सोडियम बॅटरी हा पर्याय होऊ शकेल?

लिथियमच नको, असा तो विचार. सीएटीएलने २०२५ मध्ये मोटारींसाठी सोडियम-आयन बॅटरी जाहीर केली. पुण्यातील ‘केपीआयटी’ने पुण्याच्याच ‘आयसर’मधील संशोधनाच्या आधारे डिसेंबर २०२३ मध्ये आपले सोडियम-आयन तंत्रज्ञान सादर केले. पण या बॅटऱ्या सध्या एलएफपीपेक्षाही जड आहेत आणि एलएफपीचे भाव एवढे उतरले आहेत की सोडियमचा स्वस्ताईचा दावा तूर्त फारसा टिकत नाही. तीनचाकी, छोट्या दुचाकी, घरगुती साठवण इथे त्यांचा वापर आधी दिसेल.

ग्राहकाच्या खिशाशी याचा संबंध कसा?

आज तरी एलएफपीचा फायदा ग्राहकालाच होतो आहे. ब्लूमबर्ग एनईएफच्या पाहणीनुसार सर्व प्रकारच्या बॅटरी पॅकचा जागतिक सरासरी भाव २०२४ मध्ये २० टक्क्यांनी उतरून प्रति किलोवॉट-तास ११५ डॉलर झाला. टिकाऊपणाच्या भरवशावर महिंद्रा आणि एमजी पहिल्या मालकाला आजीवन बॅटरी वॉरंटी देऊ लागल्या. टाटांनी हॅरियर ईव्हीसोबत १५ वर्षांची वॉरंटी आणली. एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा ९.९९ लाखांत मोटार आणि बॅटरीला किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडे, अशी योजना होती. त्यातच महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी दिली.

वॉरंटी वाचताना मात्र ‘पहिला मालक’ हे दोन शब्द बघावेत. मोटार विकली की बहुतेक योजनांत ‘आजीवन’चे ठरावीक वर्षे आणि किलोमीटर होतात, आणि जुन्या मोटारीच्या बाजारात भाव त्यावरच ठरतो. वॉरंटी देणारी कंपनी भारतीय असली तरी दहा-बारा वर्षांनी बदलायचा सेल ज्या साखळीतून येणार, तिचे मधले दुवे बीजिंगच्या परवान्यावर आहेत. पुरवठा अडला तर सर्वात आधी भाव वाढेल तो नव्या मोटारींचा आणि प्रतीक्षायादी लांबेल ती एलएफपी मॉडेलची. चुंबकांबाबत २०२५ मध्ये वाहन कंपन्यांनी हे अनुभवले आहे. चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर परवाना लागू केला आणि काही महिन्यांतच भारतीय कंपन्यांना उत्पादन वेळापत्रके बदलावी लागली.

जुन्या बॅटरीचे काय, हाही प्रश्न ग्राहकापर्यंत येणारच आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार बाद झालेली बॅटरी परत घेऊन तिचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. एनएमसी बॅटरी भंगारवाल्यालाही हवीशी असते, कारण आत कोबाल्ट आणि निकेल असते. एलएफपीमध्ये विकण्यासारखे जे काही असते ते मुख्यतः चार किलो लिथियम आणि तांबे-ॲल्युमिनियम. त्यामुळे ती फोडण्यापेक्षा दुकानांचे, मोबाइल टॉवरचे किंवा सौर पंपांचे साठवण-संच म्हणून पुन्हा वापरणे आज जास्त परवडते.